'ते' म्हणजे काय?

चौधरी सरांना 'बसा' म्हटलं की ते उभेच राहत आणि विचारत, "कुठे?"

'खुर्चीवर' म्हटलं की, "कोणत्या?" मग त्या खोलीत एकच खुर्ची का असेना. 'अहो, ही काय समोरची' असं म्हटलं की ते समोरच्या खुर्चीकडे बघत, तिच्यावरच्या हजेरीपटांच्या गठ्ठ्याकडे बघत आणि अगदी नम्रपणे विचारत, "गठ्ठ्यावर?" ते आमच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी मला शेवटी म्हणावं लागलं, "सर, या खुर्चीवरचा गठ्ठा उचला, टेबलावर ठेवा आणि मग खुर्चीवर बसा, माझ्याकडे तोंड करून." तेव्हा ते बसले. "आता बरोबर सांगितलंत, पाटील सर," म्हणाले. जणू नोकरीला मी लागत होतो आणि मुलाखत ते घेत होते.

मी मराठी शिकवतो, नंदुरबारच्या एका शाळेत. परीक्षा विभागही माझ्याकडेच आहे. फारसं न बोलणारा माणूस अशी माझी ख्याती आहे, आणि लोक ती सद्गुण म्हणून सांगतात. तो सद्गुण नाही, हे या लेखात पुढे येईलच. पण आधी चौधरी सर.

हा माणूस तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरचा. गाव सारंगखेड्याच्या अलीकडे. भाऊ केळी आणि कापूस बघत आणि हा एकटा संगणक शिकून आलेला. आमच्या शाळेतल्या संगणक कक्षाचं कंत्राट एका बाहेरच्या कंपनीकडे होतं, त्या कंपनीने यांना निदेशक म्हणून पाठवलं. दरवर्षी नवं नेमणूकपत्र. उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात खडू आणि पेचकस. कक्षात दहा संगणक होते, त्यांपैकी सहा चालत, तेही वीज असली तर.

शिवाय मिरची. शाळेच्या मागेच मिरचीची पथारी, म्हणजे मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात ती जागा. हंगामात अख्खी शाळा शिंकत असते. आमच्या कितीतरी मुली सकाळी आईबरोबर तिथे देठ खुडायला जातात आणि तशाच शाळेत येतात. त्यांच्या हातांनी माउस तिखट होई, पुढचा मुलगा तोच हात डोळ्याला लावी आणि तास संपे. सरांनी कक्षाच्या दाराशी खोबरेल तेलाची बाटली ठेवली. आत येण्याआधी हाताला तेल, मग साबण, मग पाणी, याच क्रमाने. क्रम चुकला की परत दारात.

शिपाई रमणदादा एकदा त्यांना म्हणाला, "सर, जरा पंखा बघा ना." सर गेले, पंख्याखाली उभे राहिले, मान वर करून दोन मिनिटं पंखा बघितला आणि परत आले. "बघितला." रमणदादा माझ्याकडे येऊन म्हणाला, "नाना, या माणूसनं डोकं फिरेल शे."

डोकं फिरलेलं नव्हतं. ती त्यांची शिकवण्याची पद्धत होती, फक्त ती तासाच्या घंटेबरोबर थांबत नसे. नव्या वर्गात शिरले की ते टेबलाशी ताठ उभे राहत आणि मुलांच्याच बोलीत सांगत, "मी मशीन शे. माले काहीच समजस नही. तू सांगशी तितलंच करसू." झाला अभ्यासक्रम सुरू. फळ्याच्या कोपऱ्यात 'ते' हा शब्द लिहून त्यावर मोठी फुली मारलेली असे, ती वर्षभर पुसली जात नसे. 'ते उघडा', 'ते तिकडे टाका' असं कुणी म्हटलं की सर थिजून जात. "'ते' म्हणजे काय? मशीनला 'ते' समजत नाही. नाव सांग." आणि सगळं बिघडलं की ठरलेलं वाक्य, "मशीन चुकत नाही, सांगणारा चुकतो."

मुलं त्यांना मशीन सर म्हणू लागली. शिक्षक खोलीत आम्हीही म्हणत असू, पण आमचा सूर निराळा होता. एक तर हा माणूस पाच वाजले की उठे. निरोपसमारंभ असो, कुणाच्या मुलाच्या लग्नाचं जेवण असो, सर पाच-दहाच्या एसटीत. दुसरं म्हणजे त्यांचा फोन. मधल्या सुट्टीत ते अंगणातल्या निंबाखाली जाऊन एक फोन घेत. आम्हाला एकेका शब्दासाठी रडवणारा हा माणूस तिथे तोंडातून अक्षर काढत नसे. नुसतं ऐकायचा, मान हलवायचा आणि शेवटी एवढंच म्हणायचा, "आलं लक्षात. आणतो." आम्ही खिडकीतून बघून हसायचो. हेडसर म्हणायचे, "तिकडनं कोण एवढं व्याकरणशुद्ध बोलतं भो, जे याला एका दमात समजतं?"

आता परीक्षेचं सांगतो. हे सांगताना माझा आवाज चढेल, त्याला इलाज नाही.

संगणक हा आमच्याकडे श्रेणीचा विषय. प्रश्नपत्रिका कंपनीकडून येई, उत्तरसूची सोबत. सीपीयूचं पूर्ण रूप लिहा. संगणकाचे जनक कोण. माउसचे दोन उपयोग लिहा. मुलं हे सगळं भिंतीवरच्या तक्त्यावरून पाठ करत. प्रात्यक्षिकाच्या दिवशी हमखास वीज नसे, म्हणून प्रात्यक्षिकही कागदावर: 'की-बोर्डची सुबक आकृती काढून नावे द्या व रंगवा.' ज्या पोराने आयुष्यात संगणकाचं बटण दाबलं नव्हतं, त्याला मी दहापैकी दहा दिले, कारण त्याचा रंग रेषेबाहेर गेला नव्हता. वर 'छान' असा शेराही मारला. आणि चित्रकलेत याच मुलाला नापास करणारी आमची शाळा त्याच्या संगणकज्ञानाचं प्रमाणपत्र द्यायला तयार.

चौधरी सरांनी ती प्रश्नपत्रिका पहिल्यांदा वाचली, उलटून मागची बाजू बघितली. मग म्हणाले, "म्हणजे पोहायची परीक्षा, आणि तापीचं चित्र काढायचं."

त्याच वर्षी त्यांनी स्वतःची परीक्षा घेतली, नववीच्या वर्गाची. वीज नाही? नसू दे. पथारीवरून त्यांनी टोपलीभर मिरची आणली. त्यात चांगली लाल मिरची होती आणि फटकीही, म्हणजे रंग उडून पांढुरकी पडलेली. प्रश्न एकच: मशीनकडून ही मिरची निवडून घ्या. मशीन अर्थात ते स्वतः.

परीक्षा विभाग म्हणून मी मागच्या बाकावर बसलो होतो. पहिला मुलगा उठला तो पाठांतरात अव्वल. "सर, मिरची उचला," म्हणाला. सरांनी अख्खी टोपली उचलून डोक्यावर घेतली. वर्ग हसला. "खाली ठेवा ना सर," म्हटल्यावर त्यांनी ती त्याच्याच बाकावर ठेवली, कारण कुठे ते त्याने सांगितलं नव्हतं. पुष्कळ घाम गाळून त्याने 'एकेक मिरची उचला आणि फटकी असेल तर डावीकडे टाका' इथपर्यंत मजल मारली, पण थांबायचं कधी ते सांगायचं राहिलं. टोपली रिकामी झाली. सर थांबेनात. हवेतून मिरची उचलायची, हवेत निरखायची, हवेत टाकायची. मिरची नसलेल्या टोपलीत त्यांचा हात घंटा होईपर्यंत वरखाली होत राहिला, आणि चेहऱ्यावर रेषा हलली नाही. मी तोंडाला रुमाल लावून हसत होतो. पण त्याच वेळी मला पहिल्यांदा कळलं की या मुलाला मी दरवर्षी 'अ' देत आलो आहे.

दुसऱ्या दिवशी शेवंता वळवी उठली. घरी भिली बोलणारी मुलगी, शाळेत अहिराणी, आणि प्रमाण मराठी फक्त पेपरात, तेही चाचपडत. आईबरोबर पथारीवर रोज बसणारी. ती टोपलीकडे बघत म्हणाली, "जवलगून टोपलामा मिरची शे, तवलगून येक उचला. फटकी व्हयनी ते डावा बाजूले टाका, लाल व्हयनी ते जेवना बाजूले. टोपलं सरनं का थांबा."

जोवर टोपलीत मिरची आहे, तोवर. फटकी झाली तर डावीकडे, लाल झाली तर उजवीकडे. संपली की थांबा. मशीन चाललं आणि टोपली रिकामी होताच थांबलं. दोन बाजूंना दोन नीट ढीग. सरांनी टेबलावरचा खडू उचलला, फळ्यावर लिहिलं 'जवलगून – तवलगून', आणि खाली रेघ मारून लिहिलं: 'लूप'.

याच मुलीने आठवडाभराने कंपनीच्या लेखी पेपरात 'लूप म्हणजे काय?' या प्रश्नाचं उत्तर लिहिलं: 'जवलगून टोपलामा मिरची शे तवलगून.' पेपर मी तपासत होतो. उत्तरसूचीत होतं, 'ठरावीक सूचनांची पुनरावृत्ती करणारी रचना म्हणजे लूप.' मी लाल फुली मारली, शून्य दिलं आणि बाजूला लिहिलं, 'प्रमाण भाषेत लिहावे.' त्याच गठ्ठ्यात एकाने लिहिलं होतं, 'ठरावीक सूचनांची पुनरावृत्ती करणारी रचना म्हणजे सूप.' त्याला मी दोनपैकी दीड दिले. अर्धा गुण शुद्धलेखनाचा कापला.

चौधरी सर तो पेपर घेऊन माझ्याकडे आले. "पाटील सर, तुम्ही मराठीचे. हे वाक्य तुम्हाला समजलं का?"

"समजलं."

"मशीनलाही समजलं होतं. मग लाल कशाला?"

मी उत्तरसूची दाखवली. त्यांनी ती वाचली, घडी घालून माझ्या हातात परत दिली आणि गेले. मी फुली तशीच ठेवली.

वर्षअखेरीस सरांनी श्रेणीपत्रक दिलं ते त्यांच्या परीक्षेवरून. तिघांना 'अ'. त्यात शेवंताचं नाव पहिलं. काहींना 'ब', काहींना 'क', आणि अर्ध्याहून अधिक वर्गाला 'ड'. सोबत प्रत्येक मुलासाठी एक ओळ: 'थांबायचं कधी ते सांगत नाही.' 'क्रम चुकतो, पण चूक स्वतः शोधतो.' 'घाबरतो, दुसऱ्यांदा विचारल्यास बरोबर.' माझ्या सगळ्या नोकरीत मी मुलांविषयी इतकं काही लिहिलेलं नाही.

हेडसरांनी पत्रक बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. एवढे 'ड' वर गेले तर संगणक कक्ष काढून घेतील, पालक ओरडतील, शाळेचं नाव जाईल. पत्रक माझ्याकडे सरकवत ते म्हणाले, "पाटील सर, परीक्षा विभाग तुमच्याकडे आहे. जरा बघा ते."

बघा ते. चौधरी सर असते तर त्यांनी विचारलं असतं, "'ते' म्हणजे काय?" आणि हेडसरांना ते तोंडाने उच्चारावं लागलं असतं, खोटं श्रेणीपत्रक तयार करा, असं. मग कदाचित त्यांनीही ते उच्चारलं नसतं. पण मी मशीन नव्हतो. मी तीस वर्षं नोकरीत मुरलेला समंजस माणूस. मला 'ते' लगेच समजलं. मी घरी बसून नवं पत्रक केलं, सुवाच्य अक्षरात. सगळ्यांना 'अ'.

आता राहिली विषयशिक्षकाची सही. इथून पुढचं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलाही नाही. मला ठाऊक होतं की हा माणूस प्रत्येक कागदावर विचारतो: कशावर सही, कुठे, का. म्हणून मी मधल्या सुट्टीची वाट बघितली. ते निंबाखाली गेले, फोन कानाला लावला, तेव्हा मी मागून गेलो. पत्रकाची घडी अशी घातली होती की फक्त सहीची जागा दिसावी. पेन पुढे केलं आणि म्हटलं, "सर, सही करा."

त्यांनी विचारलं नाही. पहिल्यांदाच. फोन ऐकता ऐकता माझ्याकडे बघून मान हलवली, माझ्याच पेनाने सही केली आणि पुन्हा फोनमध्ये बुडाले. "आलं लक्षात," असं ते म्हणत होते, ते मला नव्हतं.

पुढच्या सत्रात तपासणी आली. साहेबांनी सहज म्हणून एका 'अ' श्रेणीच्या मुलाला नवा फोल्डर करायला सांगितलं. पोराने माउस हातात धरून कानाला लावला नाही इतकंच. दुसरा तसाच, तिसरा तसाच. साहेबांनी पत्रक मागवलं. "हे सगळे 'अ' कोणी दिले?" हेडसर छताकडे बघू लागले. मी हजेरीपटाकडे. चौधरी सरांनी पत्रक हातात घेतलं, वरपासून खालपर्यंत वाचलं, खाली सही बघितली. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं असेल. मला माहीत नाही, मी मान वर केली नाही. "सही माझी आहे," ते म्हणाले. एवढंच.

त्यांचं नेमणूकपत्र पुन्हा आलं नाही. जाताना त्यांनी खोबरेल तेलाची बाटली भरून ठेवली होती.

मला राग कुणाचा येतो? कंपनीचा येतो. रंगवलेला की-बोर्ड बघून मुलांना संगणक येतो असं मानणाऱ्या आम्हा सगळ्यांचा येतो. हेडसरांचा येतो, जे सुखाने निवृत्त झाले आणि ज्यांच्या निरोपाचं भाषण मीच लिहिलं. आणि एक गोष्ट उशिरा कळली, तिचा सगळ्यांत जास्त येतो. सगळ्यांना 'अ' देऊन मी मुलांचं भलं केलं, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. पण शेवंताचा 'अ' खरा होता. त्या गठ्ठ्यात तो मी बुडवला. आता तो दाखवून तिला कुणाला काय सांगता येणार?

यंदा नवे संगणक निदेशक आले. तरुण आहेत, हसतमुख आहेत. परीक्षेच्या आधीच श्रेणीपत्रक घेऊन आले, घडी घातलेलं, आणि म्हणाले, "नाना, इथे सही करा ना." माझ्या तोंडून शब्द गेला, "कशावर?" आवाज माझा नव्हता. ते बघत राहिले. मी पत्रक उघडलं, परत दिलं आणि परीक्षा घ्यायला सांगितली. मग रविवारी चौधरी सरांच्या गावाच्या एसटीत बसलो.

घर केळीच्या बागेला लागून. भावाने ओसरीवरूनच आतला दरवाजा दाखवला. खोलीत चौधरी सर खाली बसून एका बाईंचे पाय चेपत होते. पलंगावर टेकून बसलेल्या त्या त्यांच्या पत्नी. लकवा होऊन सात-आठ वर्षं झाली, म्हणजे ते आमच्याकडे यायच्या आधीपासून. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एकच शब्द राहिला होता.

"ते," वहिनी म्हणाल्या.

सर उठले आणि खिडकीचा पडदा ओढला. माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं.

"ते," त्या पुन्हा म्हणाल्या. तोच शब्द, तोच सूर. सरांनी माठातलं पाणी आणून मला दिलं.

मी दारातच उभा होतो. निंबाखालचा फोन आठवला. आम्ही खिडकीतून हसायचो तो. तिकडून रोज एक शब्द येत असणार, आणि हा माणूस त्यातून गोळ्या, भाजी, नवा कंगवा, दुखणारा खांदा, सगळं ओळखून म्हणत असणार, आणतो. फळ्यावर ज्या शब्दावर त्याने फुली मारली होती, घरी तो त्याच एका शब्दावर जगत होता.

मी सगळं सांगितलं. घडी कशी घातली तेही. ती वेळ मी निवडली होती, हेही. एका दमात बोललो, इतकं मी वर्गातही बोलत नाही. शेवटी म्हटलं, "तुम्हीच म्हणायचा ना सर, मशीन चुकत नाही, सांगणारा चुकतो. सांगणारा मी होतो."

त्यांनी पत्नीच्या पायावरचं पांघरूण नीट केलं. "नाही पाटील सर," म्हणाले. "त्या खेपेला मशीनच चुकलं. विचारायला हवं होतं." आणि मग, "त्या वळवीचा 'अ' तेवढा खरा होता. कुठे लिहून ठेवता येईल का?"

म्हणून हे लिहिलं. शेवंता वळवीचा 'अ' खरा होता. तिला लूप म्हणजे काय ते कळत होतं, मला कळत नव्हतं.

पण त्या दिवशी मी नुसती मान हलवली. मी तसाच उभा.

"ते," वहिनी म्हणाल्या, माझ्याकडे बघून.

"काय म्हणाल्या?"

"बसा म्हणतेय तुम्हाला."

मी विचारलं, "कुठे?"

सरांचा चेहरा हळूच हलला. वर्गात कधीच हलायचा नाही तो. "दाराजवळच्या खाटेवरची उशी उचला," ते म्हणाले, "भिंतीला टेकवा. मग खाटेवर बसा, आमच्याकडे तोंड करून."

मी उशी उचलली, भिंतीला टेकवली, आणि बसलो.